गप्प बस

धक्का तसा काही मोठा नव्हता. जेवताना टेबलाच्या पायाला कुणाचा गुडघा लागावा, तेवढाच. देर्लिस बोगारीनच्या शेजारी बसलेल्या बाईने मोबाइलमधून मान वर काढली नाही. पुढे उभ्या असलेल्या दोन पोरींच्या गप्पा तशाच चालू राहिल्या. बस मंत्रालयाच्या थांब्यात शिरत होती, शिरता शिरता किंचित अडखळली आणि थांबली. पण देर्लिसच्या तळपायांतून काहीतरी वर सरकलं. त्याचं लहानपण बसमध्ये गेलं होतं. बापाच्या शेजारी, इंजिनाच्या तापलेल्या झाकणावर गोणपाट टाकून तो बसायचा, आणि चाकाशी काय आलं हे त्याला न बघता कळायचं. खड्डा कडक लागतो. फुटपाथची कड तिरकी लागते. हा धक्का मऊ होता. गाडीने कुणाला तरी हलकेच खांद्याने बाजूला सारावं तसा.

दारं उघडली आणि उत्तरेचा वारा आत घुसला, तव्यावरून आल्यासारखा. राजधानीत, असुन्सियोनमध्ये, हा वारा सुटला की माणसं उगाच एकमेकांच्या अंगावर वसकन येतात. त्या सकाळी तर नऊच्या आतच सगळ्यांचे चेहरे आंबले होते. पुढून कुणीतरी ओरडलं, "मागे घे! अरे नको, मागे नको घेऊस, पाय आहे त्याचा!" मग सगळेच एकदम बोलायला लागले. देर्लिस मागच्या दाराजवळ होता. तो उतरला. उतरताना त्याला वाटलं होतं की आपण पुढे जाणार. बसच्या नाकापाशी माणसांच्या पाठी दिसत होत्या आणि पाठींच्या फटीतून राखाडी पँटीतला एक पाय. पायातला बूट निघून आला होता, मोजा टाचेला विरलेला होता. चामडं मढवलेला एक थर्मास गटाराच्या दिशेने गडगडत चालला होता, त्यातलं बर्फाचं पाणी डांबरावर पसरून तिथल्या तिथे वाळत होतं. एका बाईने पांढरी काठी उचलली होती आणि तिचं काय करायचं हे न कळून ती बाई काठी सरळ धरून नुसती उभी होती. चेहरा दिसला नाही. चेहरा दिसायला आणखी चार पावलं पुढे जावं लागलं असतं. देर्लिस वळला आणि मंत्रालयाच्या फाटकाकडे चालायला लागला. तिथे माणसं पुष्कळ होती. कुणीतरी रुग्णवाहिकेला फोन लावत होतं. आपण जाऊन काय करणार, गर्दीच वाढवणार. हे सगळं खरं होतं. खरं होतं म्हणूनच ते मनात इतकं पटापट जमत गेलं.

पण पांढरी काठी पाहिली त्या क्षणीच त्याला कळलं होतं की हे कुणामुळे झालं. ड्रायव्हरमुळे नव्हे, वाऱ्यामुळे नव्हे.

धूर ओकणाऱ्या जुन्या बसगाड्या मोडीत काढायच्या आणि त्यांच्या जागी विजेच्या आणायच्या, हा कार्यक्रम देर्लिस चालवत होता. हरित विकास कक्ष असं त्याच्या दारावर लिहिलेलं होतं. पैसा परदेशातल्या बँकेचा, वीज आपल्याच नदीवरच्या धरणाची आणि घाम माझा, असं तो सभांमध्ये म्हणायचा आणि लोक हसायचे. विजेची बस कमी वेगाने चालली की तिचा आवाज जवळजवळ नसतोच, म्हणून प्रत्येक बसच्या पुढच्या बाजूला एक छोटी पेटी बसवलेली असते, ती एक सूर काढत राहते, माणसांना सावध करायला. खोलीत अडकलेल्या गांधीलमाशीसारखा सूर. उद्घाटनाच्या दिवशी बँकेचे पाहुणे यायचे होते. मंडप घातला होता, हार्प वाजवणारे आणले होते, चीज घातलेले पाव, चिपा, टोपलीभर गरम गरम आले होते. पहिली बस वळण घेऊन मंडपाकडे यायला लागली तशी ती पेटी किरकिरायला लागली आणि देर्लिसला ते सहन होईना. सगळं इतकं छान जमलेलं, आणि त्यात ही माशी. त्याने वर्कशॉपच्या आकोस्ताला बाजूला घेतलं. "एवढी पेटी आज बंद ठेव," तो म्हणाला. "आजच्या पुरती." मग बस पुन्हा वळून आली, लखलखत, काही न बोलता. देर्लिसने पाहुण्यांपुढे बोट वर केलं आणि म्हणाला, "ऐका." आणि ऐकायला काहीच नव्हतं. फक्त झाडावरचे पोपट. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईने डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी आकोस्ताने विचारलं, "साहेब, करू का परत चालू?" देर्लिस म्हणाला, "बघू." मग थांब्याच्या मागच्या वस्तीतले लोक म्हणायला लागले की लेकरं आता सकाळी दचकून उठत नाहीत. लोकांनी बसला मुकी असं नावच पाडलं, लाडाने. मुकी आली का, मुकी गेली का. त्या नावाने देर्लिसच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आकोस्ताने पुन्हा एकदा विचारलं असेल, कदाचित दोनदा. बघू, बघू. पुढच्या गाड्या आल्या त्यांच्याही पेट्या आकोस्ताने न विचारताच बंद ठेवल्या.

ऑफिसात आल्यावर देर्लिसने हात धुतले. हातांना काही लागलेलं नव्हतं. मग टेबलाशी बसून त्याने फोन उचलला आणि नेहमीसारखा एक्स्चेंजचा आकडा दाबला. रोज सकाळी पलीकडून कासियानोचा आवाज यायचा, गुळगुळीत, जरा नाकातला: "बोला इंजिनिअरसाहेब, कुणाला झोपेतून उठवायचं?" मंत्रालयातल्या त्या टेलिफोनवाल्याशी देर्लिस आयुष्यात जितकं बोलला असेल तितकं बायकोशीही बोलला नसेल, आणि तरी त्याचा चेहरा विचाराल तर त्याला नीट आठवला नसता. तळमजल्यावरच्या काचेच्या खोलीत पाठमोरा बसलेला एक माणूस, डोक्यावर हेडफोन. त्या दिवशी पलीकडून एक घाबरलेली मुलगी बोलली.

"कासियानो कुठे आहेत?" देर्लिसने विचारलं.

"तुम्हाला नाही कळलं? समोरच्या थांब्यावर बसने उडवलं त्यांना. मुकीने. हॉस्पिटलात नेलंय. मला बसवलंय तोवर, पण कुठलं बटण कुठे जातं तेच मला…"

देर्लिसने फोन खाली ठेवला. राखाडी पँट, विरलेला मोजा. त्याला प्रथम काय वाटलं असेल? वाईट वाटायच्या आधी त्याला वाटलं, बरं झालं आपण चेहरा पाहिला नाही. चेहरा पाहिला नाही, तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं. आणि लगेच, हे वाटताना आपण स्वतःला पकडलंय असं त्याला वाटलं, दुकानात काहीतरी खिशात टाकताना आरशात दिसावं तसं.

दुपारी त्याने आकोस्ताला फोन केला, स्वतःच्या मोबाइलवरून, जिन्यात उभं राहून. "सगळ्या पेट्या चालू कर."

"आत्ता? गाड्या रस्त्यावर आहेत, साहेब."

"डेपोत येतील तशा कर. संध्याकाळच्या आत."

पलीकडे आकोस्ताने हातातला पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "त्या बसची आधी करतो." एवढं बोलून त्याने फोन ठेवून दिला. शहाणा माणूस. देर्लिस जिन्यात तसाच उभा राहिला. त्याला हलकं वाटलं, खरोखरच हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची त्याला शिसारी आली. लहानपणी असंच हलकं वाटायचं. त्याच्या बापाचा, पोलिकार्पोचा, उजवा कान कामातून गेला होता. आयुष्यभर इंजिन उजव्या हाताला धडधडत राहिलं, त्या धडधडीने तो कान खाल्ला. बाप घरी आला की ओरडून बोलायचा. मीठ मागितलं तरी शेजारच्या घरातून मीठ यायचं. आई म्हणायची, अहो आपण बसमध्ये नाही, घरात आहोत. घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं की बापाशी बोलायचं तर डाव्या बाजूला जायचं. आणि देर्लिसने काही चोरलं असलं, कुणाला मारलं असलं, शाळा बुडवली असली, की तो बाप हॅमॉकमध्ये पडलेला बघून मुद्दाम उजव्या बाजूला जायचा, त्या मेलेल्या कानाशी तोंड न्यायचा आणि सगळं सांगून टाकायचा. बाप झोपेत हसायचा, डास गुणगुणल्यासारखा कान झटकायचा. सांगून झालेलं असायचं आणि कुणी ऐकलेलं नसायचं. अशी माफी त्याला नंतर कुठल्या चर्चमध्ये मिळाली नाही. बाप गेला तेव्हा पहिली विजेची बस अजून बोटीवर होती. ती न किंचाळणारी बस, सगळा कार्यक्रम, सगळे अहवाल, परदेशांतली भाषणं, हे सगळं त्या एका कानासाठी होतं असं देर्लिस मनाशी मानायचा. ते खोटंही नव्हतं. पेटी बंद करताना त्याला बापाचाच कान आठवला होता. आता ते आठवून त्याला बापाचाही राग आला.

हॉस्पिटलात तो ऑपरेशन झाल्यावर गेला. जाताना फळं घेतली, मग ती फार दिसतात असं वाटून अर्धी बसमध्येच एका म्हातारीला देऊन टाकली. बस सूर काढत चालली होती. लोक एकमेकांकडे बघत होते. "हे काय नवीन?" म्हातारी म्हणाली. "मुकीला वाचा फुटली."

कासियानोच्या कॉटशेजारी त्याची बहीण लिदुविना बसली होती, रुंद खांद्यांची, मनगटात भाजल्याचे डाग. ती घरून चिपा करून विकते हे देर्लिसला नंतर कळलं. कासियानोचा चेहरा त्याने पहिल्यांदा सरळ पाहिला. पन्नाशीचा, दाढी वाढलेली, डोळे अर्धे मिटलेले. आवाजावरून वाटायचा त्यापेक्षा म्हातारा.

"इंजिनिअरसाहेब ना? या या," तो म्हणाला. "खुर्ची असेल तर बसा, नसेल तर कॉटवर बसा, फक्त या बाजूच्या पायावर बसू नका. तो सरकारचा झालाय, त्यात सरकारी खिळा आहे. लिदुविना, साहेबांना तेरेरे दे."

"इथे मनाई आहे," लिदुविना म्हणाली.

"मग कालपासून मला काय देतेयस? लपवून दे." ती हसली आणि पिशवीआडून, वाळल्या पाल्यावर गार पाणी ओतून भरलेला पेला तिने देर्लिसच्या हातात दिला. त्याने नळी ओठांत धरली. पुदिन्याचा वास होता. तीच नळी थोड्या वेळापूर्वी कासियानोच्या ओठांत होती.

"खुबा जुळेल म्हणतात," कासियानो म्हणाला. "खुब्याचं काही नाही हो. मला एक वेगळीच काळजी लागलीय. तुम्ही बसवाले, तुम्हालाच विचारतो. मला ती ऐकू कशी नाही आली?"

देर्लिसने पेला परत दिला.

"मी त्या कडेला रोज उभा राहतो. ऐकतो आणि मग पाय टाकतो. त्या दिवशी मी ऐकलं आणि रस्ता मोकळा होता. मोकळा म्हणजे काय, तुम्ही भिंतीवर हात ठेवून भिंत आहे म्हणता ना, तसा मोकळा. आणि त्या मोकळ्या रस्त्याने येऊन मला पाडलं." तो हसला, पण हसू अर्ध्यातच राहिलं. "डॉक्टरने कान तपासले. यंत्रातलं टिंग टिंग ऐकवलं. म्हणे, कान तरण्या पोरासारखे आहेत. पण रस्ता म्हणजे काय टिंग टिंग आहे? साहेब, डोळे जन्मापासूनच नाहीत, त्यांचं मला कधी काही वाटलं नाही. पण कान दगा द्यायला लागले तर मग मी…"

"उगाच काहीतरी," लिदुविना म्हणाली. "रस्त्यात कुणी रेडिओ लावला असेल."

"रेडिओ नव्हता."

सांगायची वेळ ती होती. जीभ टाळूला लागलेली होती, शब्द सुटायचाच बाकी होता. पण शेजारच्या कॉटवरचा माणूस कान देऊन ऐकत होता, लिदुविना पेला भरत होती, आणि देर्लिसच्या तोंडून आलं, "मी तपासायला सांगतो." ऑफिसातली भाषा. बघूची थोरली बहीण. कासियानोने हात पुढे करून अंदाजाने त्याचा हात धरला आणि म्हणाला, "सांगा. तुम्ही लक्ष घातलंत म्हणजे झालं."

चौकशी झाली. तीन माणसं आवाज मोजायचं यंत्र घेऊन थांब्यावर उभी राहिली, आणि एकामागून एक बस गुणगुणत त्यांच्यासमोरून गेली. पेट्या व्यवस्थित चालू होत्या. अंध इसमाचं अवधान सुटलं असावं असं ठरलं. नुकसानभरपाई मात्र माणुसकीच्या नात्याने द्यावी असंही ठरलं. मिर्ता मॅडमनी, म्हणजे देर्लिसच्या वरिष्ठांनी, हे त्याला बोलावून सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी पेट्या बंद होत्या."

त्यांनी चष्मा काढला. त्या वाईट बाई नव्हत्या. नदीकाठच्या बुडणाऱ्या वस्त्यांसाठी त्या चिखलात उभ्या राहिलेल्या त्याने पाहिल्या होत्या. "देर्लिस," त्या म्हणाल्या, "आता चालू आहेत ना?"

"आता आहेत."

"मग आता कुणाला लागणार नाही. पुढच्या महिन्यात बँकेचे लोक दुसऱ्या टप्प्यासाठी येतायत. दुसरा टप्पा म्हणजे अख्ख्या शहराचा धूर. किती पोरं दम्याने घुसमटतात ते मला तू सांगायचास, मी तुला नाही. आणि त्या माणसाला पैसे मिळतायत. तुला आणखी काय हवंय? तुला शिक्षा हवीय का? ती द्यायला माझ्याकडे वेळ नाही." मग जरा थांबून, मऊपणे, "अपंगांच्या सोयीसाठी एक वेगळा भाग घालू दुसऱ्या टप्प्यात. तूच बघ तो."

तो बाहेर आला तर वाहनतळावर इसाबेलिनो त्याची वाट बघत उभा होता. त्या दिवशीचा ड्रायव्हर. तरुणपणी तो पोलिकार्पोच्या बसवर कंडक्टर होता, दारात लोंबकळत गावांची नावं ओरडायचा. जुनी बस सोडून विजेची शिकायला त्याला देर्लिसनेच तयार केलं होतं. टोपी हातात घेऊन तो जवळ आला.

"सुटलो, साहेब. मला पुन्हा घेतायत."

"ऐकलं मी."

"मला विचारलं, पेटी चालू होती का? मी म्हटलं, चालू होती." तो देर्लिसच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. "तीन पोरी आहेत घरी. नाही म्हटलं असतं तर म्हणाले असते, बंद होती तर तू गाडी काढलीसच कशी. बरोबर ना?"

"बरोबर."

"आणि तुमचं नाव मी काढलं नाही. आरशात दिसलात तुम्ही, मागच्या दाराने उतरताना." त्याने टोपी झटकली, डोक्यावर घातली. "चांगलं केलंत. मोठ्या माणसाने असल्या गर्दीत थांबू नये, उद्या कुणी फोटो काढतो. पोलिकार्पोचा मुलगा आहात, मी कशाला बोलतोय." आणि प्रेमाने, अगदी मनापासून प्रेमाने, त्याने देर्लिसच्या दंडावर थोपटलं.

ते थोपटणं देर्लिसच्या दंडावर कितीतरी दिवस राहिलं. सगळं कसं नीट बसलं होतं. इसाबेलिनोची नोकरी वाचली, दुसरा टप्पा वाचला, पेट्या वाजत होत्या, भरपाई मिळत होती. कुणीच कुणाचं वाकडं चिंतलेलं नव्हतं. प्रत्येक जण एकेक पाऊल बाजूला सरकला होता, सभ्यपणे, दुसऱ्याला जागा करून देण्यासाठी, आणि मधे जी मोकळी जागा राहिली तिच्यात तो माणूस पडला होता. देर्लिस आता बसमध्ये बसला की पेटीचा सूर ऐकत राहायचा. तो सूर खोटी साक्ष देत होता. दिवसभर, शहरभर, दर थांब्यावर. जेवताना बायकोने विचारलं, "तुझं लक्ष कुठे असतं?" तो म्हणाला, "कामाचं आहे." तेही खरं होतं. हल्ली तो जे काही बोलायचा ते खरंच असायचं.

मग एका सकाळी त्याने फोन उचलला तर एक्स्चेंजवरची ती मुलगी एकदम खुशीत बोलली, "बोला इंजिनिअरसाहेब! आता मला सगळी बटणं पाठ झाली. कायम करतायत मला."

"आणि कासियानो?"

"ते नाही येणार आता. राजीनामा पाठवला ना त्यांनी. त्यांच्या बहिणीने आणून दिला. म्हणे, कान गेले."

देर्लिस त्याच दुपारी शहराला लागूनच्या लाम्बारेला गेला. घर शोधायला वेळ लागला नाही, चिपाच्या भट्टीचा वास गल्लीच्या तोंडाशीच होता. अंगणात आंब्याच्या झाडाखाली कासियानो वेताच्या खुर्चीत बसला होता, पाय स्टुलावर, मांडीवर रेडिओ मोठ्याने लावलेला, अगदी कानाशी. लिदुविना पायरीवर बसून मॅनिओकचे कंद सोलत होती. तिने पाहिलं, मान हलवली, आणि भावाच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "साहेब आलेत. ऑफिसचे."

"कोण साहेब?" कासियानो म्हणाला. पूर्वी त्याला कधी सांगावं लागलं नव्हतं. "हां, हां, इंजिनिअरसाहेब. माफ करा, ओळखू आलं नाही. म्हणजे आलं असेल, पण आता मी खात्री धरत नाही."

"त्याला वेड लागलंय," लिदुविना म्हणाली. "मला नेऊन थांब्यावर उभं केलं त्याने. म्हणाला, जा, ऐकून ये, बस आवाज करते का. मी डोळे मिटून उभी राहिले, लोक हसत होते. करते की आवाज. चांगला लांबून ऐकू येतो. मी येऊन तसं सांगितलं, तेव्हापासून हा असा बसलाय. वाटतं, खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

"खोटं कशाला सांगायचं," कासियानो म्हणाला. "बहिरा तो बहिरा."

देर्लिस उभाच होता. त्याने कितीदा तरी हे मनात बोलून पाहिलं होतं. त्यात वाक्यं लांब होती, आधी बाप यायचा, मग पाहुणे, मग मंडप. आता त्यातलं काहीच आलं नाही. तो म्हणाला, "कासियानो, त्या दिवशी बसला आवाज नव्हता."

रेडिओवर फुटबॉलची मॅच चालू होती. "काय?"

"बसला आवाज नव्हता. यांनी ऐकला तो नंतरचा. अपघात झाला त्या दुपारी मी चालू करायला लावला. त्याआधी बंद होता, कित्येक महिने बंद होता. मी बंद ठेवला होता."

लिदुविनाच्या हातातली सुरी थांबली. कासियानोने चाचपत रेडिओची कळ शोधली आणि तो बंद केला. "परत सांगा," तो म्हणाला.

देर्लिसने परत सांगितलं. तेच शब्द, पण या वेळी ते बाहेर काढायला जास्त जोर लागला. कासियानोने मान जरा तिरकी केली. तो देर्लिसचं ऐकत नव्हता. त्याच्या पलीकडचं ऐकत होता. गल्लीत कुठेतरी पाण्याचा पंप चालू होता, झाडाखाली कोंबडी पाचोळा उकरत होती, लांब मोठ्या रस्त्यावर एक ट्रक गिअर बदलत चढ चढत होता. एकेक आवाज त्याच्या चेहऱ्यावर येऊन बसत होता. मग तो हसायला लागला, आधी नाकातून, मग पोट हलवून, इतका की खुब्यात कळ आली आणि तरी थांबेना. "लिदुविना! ऐकलंस? नव्हताच आवाज! रस्ता मोकळाच होता गं! कान धड आहेत माझे!"

"ऐकलं," लिदुविना म्हणाली. तिचा आवाज हसत नव्हता. "सगळं ऐकलं मी. बस विजेची, आणि साहेब मात्र इथवर बैलगाडीने आलेले दिसतायत. इतके दिवस लागले."

"असू दे गं, असू दे. आले ना." कासियानोने डोळे पुसले. मग पुसता पुसता त्याचा हात गालावरच राहिला. चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण त्याच्या खाली काहीतरी हललं. "थांबा," तो म्हणाला. "मग ते बूट?"

"कुठले बूट?" लिदुविनाने विचारलं.

"मी खाली पडलो होतो. डोकं डांबरावर. सगळी माणसं माझ्याकडे पळत येत होती, सगळ्यांचे पाय माझ्याकडे. आणि एक जण मागच्या दाराने उतरला आणि उलट दिशेने चालत गेला. सावकाश. डावा पाय जरा घासत." तो देर्लिसच्या दिशेने बोलत होता, पण नेमका त्याच्याकडे नाही, त्याच्या पायांच्या बाजूला. "रोज सकाळी तुम्ही माझ्या काचेवरून जाता, साहेब. मी तुमची चाल ओळखतो. मी मनाशी म्हटलं, बघ कासियानो, मेंदूला मार लागला. इंजिनिअरसाहेब निघून जाताना ऐकू येतायत. ते कसे निघून जातील? आणि बस ऐकू आली नाही त्यापेक्षा मला याचीच भीती जास्त वाटली. नसलेलं ऐकू यायला लागलं, म्हणजे संपलंच ना. म्हणून मी कुणाला बोललो नाही. हिलासुद्धा नाही."

पंप बंद झाला. गल्ली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली.

"ते पण मी बरोबर ऐकलं का?"

नाही म्हणता आलं असतं. त्या माणसाने ते मानलंही असतं, आनंदाने मानलं असतं. त्याला साहेब चांगले हवे होते. आणि मग पुन्हा कधी रात्री पडल्या पडल्या त्याने आपल्या कानांवर अर्धा अविश्वास धरला असता, कायमचा. देर्लिसने लिदुविनाकडे पाहिलं. ती त्याच्या बुटांकडे बघत होती.

"हो," तो म्हणाला. "बरोबर ऐकलंत."

कासियानोने मान हलवली, दोनदा, हिशेब जुळल्यावर माणूस हलवतो तशी. मग खुर्चीत मागे टेकला आणि बहिणीला म्हणाला, "माझी काठी कुठे ठेवलीयस? काढून ठेव. सोमवारी ऑफिसात जाऊन त्यांना सांग, तो कागद फाडा म्हणावं." त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं, निखळ, कुणावरही न रागावलेलं, आणि त्यात देर्लिससाठी काहीही नव्हतं. पायरीवर तेरेरेचा पेला भरून ठेवलेला होता. तो कुणी उचलला नाही.

"येतो मी," देर्लिस म्हणाला. तो वळला आणि फाटकाकडे चालायला लागला. अंगणात पाचोळा पडला होता. डावा पाय जरा घासत होता. पन्नास वर्षांत त्याला हे कधी जाणवलं नव्हतं. त्याने तो उचलून टाकायचा प्रयत्न केला, तर पाऊल आणखीच मोठ्याने वाजलं. मागे दोघंही गप्प होती. फाटक अजून दूर होतं, आणि प्रत्येक पाऊल ऐकलं जात होतं.